फ्रान्समध्ये बस्तान बसवताना फ्रेंचचा वर्ग: नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

फ्रान्समध्ये आल्यावर आधी घर, बँक आणि मुलांची शाळा मार्गी लावायची आणि थोडी उसंत मिळाली की फ्रेंचच्या वर्गाचे पाहायचे, असा क्रम बहुतेक जण मनाशी ठरवून येतात. मीही तेच केले आणि त्यात जवळजवळ एक वर्ष गेले. घर, बँक, शाळा, डॉक्टर ही सारी कामे फ्रेंचमध्येच चालतात. त्यामुळे भाषा मागे ठेवली की प्रत्येक कामासाठी कोणाला तरी सोबत न्यावे लागते, आणि उसंत मिळायची ती मिळतच नाही. म्हणून वर्गाचा शोध पहिल्या पंधरवड्यातच सुरू करावा आणि बस्तान बसवण्याची कामे हाच त्या वर्गाचा अभ्यासक्रम मानावा, असे मला मनापासून वाटते. पुढील पायऱ्या त्याच दृष्टीने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: आपण कोणत्या व्हिसावर आलो आहोत ते पाहावे

वर्ग सरकारकडून मिळणार की स्वतः शोधावा लागणार, हे व्हिसाच्या प्रकारावर ठरते. दीर्घ मुदतीचा जो व्हिसा निवास परवान्याचेही काम करतो, तो देशात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन नोंदवून वैध करून घ्यावा लागतो. ही नोंदणी झाल्यावर, जे लोक कायमच्या वास्तव्याच्या दृष्टीने आलेले असतात, म्हणजे फ्रेंच नागरिकांचे जोडीदार, कुटुंब एकत्रीकरणाच्या नियमाखाली आलेले किंवा साध्या नोकरीच्या परवान्यावर आलेले, त्यांना ‘ओफी’ या स्थलांतर व एकात्मतेच्या सरकारी कार्यालयाकडून बोलावणे येते. तेथे मुलाखत होते, भाषेची चाचणी होते आणि २०१६ पासून लागू असलेल्या प्रजासत्ताक एकात्मता करारावर सही घेतली जाते. या कराराला सगळे ‘सेईएर’ म्हणतात. चाचणीत पातळी कमी आढळली, तर भाषेचे प्रशिक्षण विनामूल्य ठरवून दिले जाते, आणि त्याच्या जोडीला फ्रान्सची मूल्ये व संस्था यांची ओळख करून देणारे चार दिवसांचे नागरी प्रशिक्षणही असते.

आपल्याकडून येणाऱ्या पुष्कळ कुटुंबांचा येथेच गैरसमज होतो. कंपनीने बदली करून पाठवलेले कर्मचारी, ‘तालाँ’ या उच्च कौशल्यांसाठीच्या परवान्यावर आलेले अभियंते व संशोधक, त्यांचे जोडीदार, तसेच विद्यार्थी यांना हा करार करावा लागत नाही. अर्थात त्यांना ओफीकडून वर्गाचे पत्रही येत नाही. ओळखीच्या एखाद्या बाईंना सरकारी वर्ग मिळाला म्हणून आपल्यालाही मिळेल, अशा आशेवर सहा महिने वाट पाहत बसलेल्या गृहिणी मला भेटल्या आहेत. आपला प्रकार कोणता, हे व्हिसाच्या चिकटपत्रीवरील शब्दांवरून पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे.

नियमही अलीकडे बदलले आहेत आणि जुन्या ओळखीच्यांचा सल्ला येथे चालत नाही. पूर्वी करार केलेल्या माणसाने वर्गाला नियमित हजेरी लावली आणि मनापासून प्रयत्न केला, एवढे बहुवार्षिक परवान्यासाठी पुरत असे. जानेवारी २०२४ च्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२६ पासून या परवान्यासाठी ए२ पातळी सिद्ध करावी लागते, दहा वर्षांच्या निवासी पत्रासाठी बी१ आणि नागरिकत्वासाठी बी२ लागते (भाषेच्या या पातळ्यांचा उलगडा पुढच्या पायरीत आहे). ज्यांना आज करार करावा लागत नाही, त्यांनाही पुढे दहा वर्षांचे पत्र किंवा नागरिकत्व हवे असल्यास या अटी लागू होतात. तेव्हा ‘आम्ही कंपनीच्या परवान्यावर आहोत, आम्हाला कशाला’ हा विचार दोन-तीन वर्षांनी महागात पडतो.

दुसरी पायरी: आपली पातळी प्रामाणिकपणे ठरवावी

युरोपीय परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीत भाषेच्या सहा पातळ्या आहेत: ए१, ए२, बी१, बी२, सी१ आणि सी२. ढोबळ अंदाज सांगायचा, तर ए१ साठी साठ ते शंभर तास, ए२ पर्यंत पोहोचायला एकूण दीडशे ते दोनशे तास आणि बी१ पर्यंत साडेतीनशे ते चारशे तास वर्गात बसावे लागते. आठवड्याला चार तासांचा वर्ग घेतला तर ए२ ला सुट्ट्या धरून वर्षाहून अधिक काळ लागेल, हा हिशेब आधीच मांडून ठेवावा. परवान्याचे नूतनीकरण कधी आहे, तिथून उलट मोजत यावे.

प्रत्येक चांगल्या संस्थेत प्रवेशापूर्वी पातळी ठरवण्याची चाचणी असते. तिची तयारी करून जाऊ नये. मायदेशी एक-दोन पातळ्या पूर्ण करून आलेल्यांचे वाचन व व्याकरण चांगले असते, पण कानाला सवय नसते. लेखी चाचणीत उत्तम गुण पडून वरच्या वर्गात गेलेल्या माणसाला तेथे कोण काय बोलते आहे हेच कळत नाही आणि तो मिटून जातो. चाचणी घेणाऱ्या शिक्षकांना ‘मला वाचता येते, पण ऐकून समजत नाही’ असे स्पष्ट सांगावे आणि त्यांनी एक पायरी खाली बसण्यास सुचवले तर आनंदाने बसावे. पहिल्या दोन महिन्यांत कान तयार झाला, की वर जाणे सोपे असते.

तिसरी पायरी: वर्ग निवडावा

पर्याय चार प्रकारचे आहेत. विद्यापीठांशी जोडलेली भाषाकेंद्रे, उदाहरणार्थ ग्रनोबल किंवा बझाँसाँ येथील, सत्राप्रमाणे चालतात, आठवड्याला बरेच तास घेतात आणि शुल्कही त्याप्रमाणे असते. १८८३ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या आलियाँस फ्राँसेझसारख्या संस्थांत दर काही आठवड्यांनी नवा वर्ग सुरू होतो, म्हणून वर्षाच्या मध्ये आलेल्यांना त्या सोयीच्या पडतात. नगरपालिकांचे प्रौढ वर्ग स्वस्त असतात. पॅरिस नगरपालिकेचे संध्याकाळचे वर्ग नोकरदारांत लोकप्रिय आहेत, पण त्यांची नोंदणी वर्षातून ठरावीक वेळीच उघडते आणि जागा लवकर भरतात. चौथा पर्याय म्हणजे स्थानिक संघटना आणि वस्तीतील सामाजिक केंद्रे. तेथे स्वयंसेवक शिकवतात, वर्षाची वर्गणी नाममात्र असते आणि पुष्कळदा निवृत्त शिक्षिका अत्यंत आपुलकीने शिकवतात.

या संघटनांचा पत्ता शोधण्याचा उत्तम दिवस म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला जवळपास प्रत्येक गावात भरणारा संघटनांचा मेळावा. एका पटांगणात किंवा सभागृहात गावातील सर्व संघटना टेबले मांडून बसलेल्या असतात. तेथे समोरासमोर बोलून नाव नोंदवता येते. वर्षाच्या इतर काळात ‘मेरी’, म्हणजे नगरपालिकेच्या कार्यालयात, किंवा ‘मेदियातेक’ या सार्वजनिक ग्रंथालयात चौकशी करावी. संघटनांचे वर्ग शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे चालतात. सुमारे सहा-सात आठवडे वर्ग आणि दोन आठवडे सुट्टी असा तो क्रम असतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक सर्व बंद असते. मे महिन्यात येणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे, कारण त्याला उन्हाळ्यापुरता तरी खासगी किंवा विद्यापीठीय वर्ग पाहावा लागतो.

खासगी संस्था निवडताना तिच्याकडे ‘कालिते एफएलई’ हे सरकारी मानांकन आहे का ते पाहावे. हे मानांकन २००७ पासून दिले जाते. त्याशिवाय, वर्गात जास्तीत जास्त किती विद्यार्थी असतात, चुकलेल्या तासाचे काय होते आणि शेवटी हजेरीचा दाखला मिळतो का, हे विचारून घ्यावे. पंचवीस जणांच्या वर्गात आपल्या वाट्याला बोलण्याची मिनिटे किती येतील, याचा अंदाज कोणालाही करता येईल.

पैशांचा प्रश्न असेल तर दोन मार्ग आहेत. फ्रान्समध्ये नोकरी करणाऱ्या पूर्णवेळ कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक प्रशिक्षण खात्यात सर्वसाधारणपणे दर वर्षी ५०० युरो जमा होतात आणि परीक्षेकडे नेणारे फ्रेंचचे अभ्यासक्रम त्यातून करता येतात. थोडा वाटा मात्र स्वतः भरावा लागतो. नोकरी शोधत असणाऱ्यांनी ‘फ्राँस त्राव्हाय’ या रोजगार कार्यालयातील आपल्या सल्लागाराकडे भाषेच्या प्रशिक्षणाची मागणी करावी. पूर्वी याच कार्यालयाला ‘पोल एम्प्ल्वा’ म्हणत असत. त्या मुलाखतीला जाताना अमुक संस्थेचा अमुक वर्ग, इतके तास, इतके शुल्क असा लेखी तपशील हातात असेल तर बोलणे पुढे सरकते.

चौथी पायरी: पहिला दिवस आणि आपले नाव

पहिल्या तासाला शिक्षिका फ्रेंचखेरीज एक शब्दही बोलणार नाहीत. हा कडकपणा नव्हे. वर्गात पाच-सहा देशांची माणसे बसलेली असतात आणि सर्वांना समान असलेली भाषा दुसरी नसते. इंग्रजीचा आधार घेण्याची सवय असलेल्यांना हे जड जाते, तरी आठवडाभर सोसावे. त्या आठवड्यासाठी चार वाक्ये पाठ करून जावीत: ‘कोमाँ ओं दी…’ म्हणजे ‘…ला काय म्हणतात’, ‘सा व्हो दीर क्वा’ म्हणजे ‘याचा अर्थ काय’, ‘व्हू पूव्हे रेपेते, सिल व्हू प्ले’ म्हणजे ‘पुन्हा सांगाल का’ आणि ‘प्ल्यू लाँतमाँ’ म्हणजे ‘अधिक सावकाश’. ही चार वाक्ये वर्गाबाहेरही रोज कामास येतात.

पहिला धडा नावाचा असतो आणि मराठी माणसाला तो सर्वांत जास्त वेळ द्यावा असा आहे. येथे ‘नों’ म्हणजे आडनाव आणि ‘प्रेनों’ म्हणजे स्वतःचे नाव, आणि बहुतेक अर्जांत आडनाव आधी लिहितात. आपल्या नावात मधोमध वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. ते पारपत्रात दिलेल्या नावांच्या रकान्यात असेल तर फ्रेंच कार्यालय त्याला तुमचेच दुसरे नाव समजते. हरकत नाही, पण बँक, आरोग्य विमा आणि निवास परवाना यांत ते सर्वत्र सारखेच लिहिले गेले पाहिजे. विवाहित स्त्रियांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. फ्रेंच कायद्यात जन्मनाव आयुष्यभर तेच राहते आणि लग्नानंतरचे नाव हे केवळ वापरायचे नाव मानले जाते. म्हणून अर्जात ‘नों द नेसाँस’ असा रकाना दिसला की तेथे माहेरचे आडनाव लिहायचे आणि ‘नों द्युझाज’ मध्ये सासरचे. वर्गात शिक्षिकेकडून कोरा अर्ज मागून घ्यावा आणि तो दोनदा भरून तपासून घ्यावा.

नाव अक्षरे सुटी करून सांगण्याचा सराव त्याच दिवशी करावा, कारण फोनवर ‘सा सेक्री कोमाँ’ म्हणजे ‘हे कसे लिहितात’ हा प्रश्न हमखास येतो. इंग्रजीची सवय येथे दगा देते: ज्या अक्षराला आपण ‘जी’ म्हणतो त्याला फ्रेंचमध्ये ‘झे’ म्हणतात आणि ज्याला ‘जे’ म्हणतो त्याला ‘झी’. ‘आय’ला ‘ई’ म्हणतात, ‘ई’ला ‘अ’च्या जवळचा उच्चार आहे आणि ‘एच’ला ‘आश’. म्हणजे ‘जोशी’ हे आडनाव झी, ओ, एस, आश, ई असे सांगायचे.

पाचवी पायरी: मराठीचा आधार घ्यावा

वर्गात आपण मनातल्या मनात इंग्रजीतून फ्रेंचकडे जातो. मला वाटते, हा वळसा आहे. कितीतरी बाबतींत मराठीहून फ्रेंचकडे जाणारा रस्ता जवळचा आहे.

उच्चारांपासून सुरुवात करू. फ्रेंचमधील ‘त’ आणि ‘द’ हे आपल्या दंत्य त-द सारखेच आहेत. इंग्रजीच्या प्रभावाने आपण ‘टेबल’ म्हणतो, फ्रेंच माणूस मात्र ‘ताब्ल’ म्हणतो. ‘प’, ‘त’, ‘क’ यांमागे श्वासाचा झोत नसतो, तसाच तो मराठीतही नसतो. ‘त्यू’ आणि ‘व्हू’ हा भेद तू-तुम्हीच्या भेदाच्या जवळचा आहे. ‘व्हू’ आदरासाठीही येतो आणि अनेकवचनासाठीही, जसे आपले ‘तुम्ही’. आपल्याकडे अनोळखी लहान मुलाला ‘तू’ म्हणावे आणि कार्यालयातील व्यक्तीला ‘तुम्ही’, ही जाण जशी शिकवावी लागत नाही, तशी येथेही फारशी शिकवावी लागत नाही. शंका आली तर ‘व्हू’ वापरावे आणि समोरच्याने स्वतःहून ‘त्यू’ वर येण्यास सुचवण्याची वाट पाहावी.

अवघड आहेत ते स्वर. ओठ ‘उ’सारखे गोल ठेवून जीभ ‘ई’च्या जागी नेली की जो स्वर निघतो, तो मराठीत नाही. त्याचा सराव न केल्यास घोटाळा होतो, कारण ‘दस्यू’ म्हणजे वर आणि ‘दसू’ म्हणजे खाली, एवढाच काय तो फरक. वरच्या मजल्यावरून पाणी गळते आहे हे घरमालकाला सांगताना हा फरक किती महत्त्वाचा ठरतो, हे सांगायला नको. दुसरे म्हणजे नाकातले स्वर. ‘व्हँ’, ‘व्हाँ’ आणि ‘व्हों’ हे तीन वेगळे शब्द आहेत: मद्य, वारा आणि ‘ते जातात’. त्यांच्या शेवटी ‘न’ किंवा ‘म’ स्पष्ट उच्चारायचा नाही, आवाज नाकातून सोडून तोंड उघडेच ठेवायचे. शिक्षिकेसमोर बसून त्यांच्या तोंडाच्या आकाराकडे पाहत हा सराव करावा. ध्वनिमुद्रण ऐकून तो नीट होत नाही, आणि वर्गात जाण्याचा हा एक मोठा फायदा आहे.

लिंग हा विषय सर्वांना धडकी भरवतो, पण तीन लिंगे सांभाळणाऱ्याला दोन लिंगांची भीती नसावी. विशेषण नामाप्रमाणे बदलते हेही आपल्याला नवे नाही. जपायचे ते एवढेच, की मराठीतील लिंग तेथे नेऊ नये आणि प्रत्येक नाम ‘अँ’ किंवा ‘युन’ या उपपदासकट पाठ करावे. ‘ल’ किंवा ‘ला’ लावून पाठ केले तर स्वराने सुरू होणाऱ्या शब्दापुढे दोन्हींचे रूप एकच होते आणि लिंग हरवते. मालकी दाखवताना मात्र मराठीतील एक भेद सोडावा लागतो. ‘त्याचा भाऊ’ आणि ‘तिचा भाऊ’ या दोहोंना फ्रेंचमध्ये ‘सों फ्रेर’ म्हणतात, कारण तेथे फक्त भावाचे लिंग पाहतात, मालकाचे नाही.

भूतकाळात तर मराठी आपल्याला थेट हात देते. ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांत क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलते, पण ‘मी चिठ्ठी लिहिली’ यात कर्माप्रमाणे. फ्रेंचमध्येही जाणे-येणे अशा अर्थाची काही क्रियापदे ‘असणे’ हे सहायक घेतात आणि कर्त्याशी जुळतात. सकर्मक क्रियापदे ‘जवळ असणे’ हे सहायक घेतात आणि कर्म आधी आले असेल तर कर्माशी जुळतात. ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणताना आपण जसे स्त्रीलिंगी रूप वापरतो, तसेच ‘ला लेत्र क झे एक्रीत’ म्हणताना शेवटचा ‘त’ ऐकू येतो. फ्रेंच मुलांनाही शाळेत घोकावा लागणारा हा नियम मराठी कानाला ओळखीचा वाटतो. कोणत्या क्रियापदांना ‘असणे’ लागते त्यांची छोटी यादी मात्र पाठच करावी लागते.

आकड्यांसाठी एक युक्ती. सत्तर म्हणजे ‘साठ-दहा’, ऐंशी म्हणजे ‘चार-वीस’ आणि ब्याण्णव म्हणजे ‘चार-वीस-बारा’. फोन नंबर येथे दोन-दोन अंकांच्या जोड्यांत सांगतात. ‘स्वासाँत’ ऐकताच ६ लिहून मोकळे झालो, की पुढे ‘दीझुईत’ येते आणि तो आकडा ७८ निघतो. जोडी पूर्ण होईपर्यंत लेखणी उचलून ठेवावी. वर्गातील सहकाऱ्याबरोबर रोज पाच नंबर एकमेकांना सांगून लिहावेत, पंधरा दिवसांत हात बसतो.

सहावी पायरी: काम वर्गात न्यावे, वर्ग कामावर न्यावा

या लेखाचा गाभा हा आहे. दर आठवड्याला बस्तान बसवण्याचे एक काम निवडावे आणि त्या आठवड्याचा भाषेचा अभ्यास त्या कामाभोवती करावा. एका आठवड्यात डॉक्टर, एका आठवड्यात घरमालक, एका आठवड्यात शाळा.

पहिले काम अगदी लहान आहे: टपालपेटीवर नाव लावणे. येथे आरोग्य विमा, बँक, कर कार्यालय यांची महत्त्वाची पत्रे अजूनही टपालाने येतात आणि पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जाते. माझे पहिले पत्र असेच परत गेले आणि ते पुन्हा मागवण्यात दोन महिने गेले. घरमालक किंवा इमारतीच्या राखणदार बाईंना नावाची पट्टी कोठे मिळेल हे विचारणे, हा पहिल्या आठवड्याचा संवाद समजावा.

नंतर येणारे प्रत्येक पत्र वर्गात न्यावे. क्रमांक आणि पत्ता झाकून त्याचे छायाचित्र शिक्षिकेला दाखवावे. बहुतेक शिक्षकांना असा खरा मजकूर आवडतो आणि वर्गातील इतरांनाही त्याची गरज असतेच. सरकारी फ्रेंचमध्ये तेच ते शब्द फिरून फिरून येतात: ‘झ्युस्तिफिकातिफ द दोमिसील’ म्हणजे राहत्या पत्त्याचा पुरावा, ‘कितांस द ल्वाये’ म्हणजे भाड्याची पावती, ‘रिब’ म्हणजे बँक खात्याचा तपशील असलेला कागद, ‘राँदेव्हू’ म्हणजे ठरवून घेतलेली भेटीची वेळ, ‘दोसिए’ म्हणजे कागदपत्रांचा संच. असे तीस-चाळीस शब्द एका वहीत जमले, की कोणतेही पत्र कशाबद्दल आहे हे कळू लागते.

डॉक्टरांच्या भेटीची तयारी वर्गात जोडीने करावी. एकाने डॉक्टर व्हावे, दुसऱ्याने रुग्ण. ‘झे माल आ…’ म्हणजे ‘माझे… दुखते आहे’ येथून सुरुवात करून, किती दिवसांपासून, ताप आहे का, कोणते औषध चालू आहे, इथपर्यंत जावे. फ्रान्समध्ये प्रौढांनी आपला नेहमीचा डॉक्टर नोंदवायचा असतो. तो न नोंदवता डॉक्टरांकडे गेल्यास विम्याकडून परतफेड कमी मिळते. त्यामुळे ‘तुम्ही माझे नियमित डॉक्टर व्हाल का’ हे वाक्यही तयार ठेवावे, कारण काही डॉक्टर नवे रुग्ण घेत नाहीत आणि ते वाक्य दोन-तीन ठिकाणी वापरावे लागते.

कोणत्याही दुकानात, कार्यालयात किंवा बसमध्ये शिरताना आधी ‘बोंझूर’ म्हणजे ‘नमस्कार’ म्हणावे आणि मग काम सांगावे. हा केवळ शिष्टाचार वाटतो, पण तो चुकला की समोरचा माणूस मनाने दूर जातो आणि तोडके-मोडके फ्रेंच ऐकून घेण्याचा त्याचा धीर संपतो. तो म्हटला की चुकांकडे पुष्कळ दुर्लक्ष केले जाते. समोरच्याने आपला उच्चार ऐकून इंग्रजीत बोलायला सुरुवात केली, तर नम्रपणे ‘मला फ्रेंचमध्ये प्रयत्न करायचा आहे’ असे सांगावे.

सराव कोठे करू नये, हेही ठरवावे. भाडेकरारावर सही करताना, शस्त्रक्रियेविषयी बोलताना, परवान्याच्या अडचणीसाठी ‘प्रेफेक्त्यूर’ या परवान्यांचे काम पाहणाऱ्या सरकारी कार्यालयात जाताना भाषा उत्तम येणारी व्यक्ती सोबत असावी. तेथे ‘वी, वी’ (‘हो, हो’) म्हणत मान हलवण्यापेक्षा ‘मला समजले नाही, कृपया लिहून द्या’ असे सांगणे शहाणपणाचे आहे.

सातवी पायरी: वर्गाबाहेरचा अर्धा तास

रेडिओ फ्राँस आँतेर्नास्योनाल सोप्या फ्रेंचमधील दहा मिनिटांचे बातमीपत्र मजकुरासह प्रसिद्ध करते. एकदा नुसते ऐकावे, एकदा मजकूर पाहत ऐकावे, पुन्हा नुसते ऐकावे. अगदी नवशिक्यांसाठी आलियाँस फ्राँसेझचा ‘व्हीव्र आँ फ्राँस’ हा विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रम आहे आणि त्याचे विषय रोजच्या जीवनातलेच आहेत. पुष्कळ ग्रंथालयांत आठवड्यातून एकदा संभाषणाची बैठक असते. तेथे वही-पेन्सिल लागत नाही, फक्त बोलायचे असते. एवढे पुरे. पाच अ‍ॅप एकदम सुरू करणारी माणसे महिनाभरात सगळीच सोडतात, असा माझा अनुभव आहे.

आठवी पायरी: अडखळण्याचा काळ

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बहुतेकांना आपण पुढे सरकत नाही असे वाटू लागते. वर्गातले समजते, रस्त्यावरचे समजत नाही. यामागे खरे कारण आहे: बोलताना फ्रेंच माणूस पुस्तकातले फ्रेंच बोलत नाही. नकारातला ‘न’ गळतो, ‘आम्ही’साठी ‘नू’ऐवजी ‘ओं’ येते, ‘झ न से पा’ म्हणजे ‘मला माहीत नाही’ याचे ‘शेपा’ होते. ‘इल या’ म्हणजे ‘आहे’ याचे ‘या’ होते. शिक्षिकेला दर आठवड्याला रस्त्यावर ऐकलेला एक तुकडा, जसा ऐकू आला तसा, देवनागरीत लिहून वाचून दाखवावा. त्या तो सोडवून देतात आणि पुढच्या वेळी तो ओळखू येतो.

याच काळात तास बुडू लागतात. मुलाचा ताप, थंडी, कामाचा ताण. सेईएर करार असणाऱ्यांच्या हजेरीची नोंद ठेवली जाते आणि ती परवान्याच्या वेळी पाहिली जाते, म्हणून गैरहजर राहावे लागल्यास कारणाचा लेखी पुरावा द्यावा. इतरांना असे बंधन नसते, पण सलग तीन तास बुडाले की परत जाणे फार अवघड होते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. अभ्यास झाला नसला तरी वर्गात जाऊन बसावे.

नववी पायरी: घरातील इतर माणसे

फ्रान्समध्ये तीन ते सोळा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे आहे आणि फ्रेंच न येणाऱ्या मुलांसाठी अनेक शाळांत विशेष भाषावर्ग असतो. मुले वर्षभरात आई-वडिलांच्या पुढे जातात. अशा वेळी मुलाला दुभाषा करण्याचा मोह होतो. दूध आणायला गेल्यावर ते ठीक आहे, पण डॉक्टरांसमोर किंवा शिक्षकांच्या भेटीत मुलावर तो भार टाकू नये. मुलाच्या स्वतःच्या तक्रारीचे भाषांतर त्याच्याकडूनच करून घेणे कोणाच्याच हिताचे नाही. काही शाळांत परदेशातून आलेल्या पालकांसाठी विनामूल्य वर्ग भरतात. तेथे भाषेबरोबर शाळेची पद्धतही समजावून देतात. आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना त्याविषयी अवश्य विचारावे.

घरी राहणाऱ्या जोडीदाराचा वर्ग नोकरी करणाऱ्याच्या वर्गाहून आधी ठरवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. नोकरीवर इंग्रजीत निभावते आणि तेथे माणसे भेटतात. घरी राहणाऱ्याला मात्र वर्ग हीच पहिली ओळखीची जागा असते.

दहावी पायरी: परीक्षा

परवान्यासाठी दोन प्रकारचे पुरावे चालतात. ‘देल्फ’ ही शिक्षण मंत्रालयाची पदविका १९८५ पासून दिली जाते आणि तिची वैधता आयुष्यभर असते. ‘तेसेएफ’ आणि ‘तेफ’ या चाचण्यांचे निकालपत्र दोन वर्षे चालते, पण त्यांच्या तारखा अधिक असतात. परवान्याची मुदत जवळ आली असेल तर चाचणी द्यावी. वेळ असेल तर देल्फ द्यावी, कारण ए२ ची पदविका पुन्हा सिद्ध करावी लागत नाही आणि पुढे थेट बी१ कडे वळता येते. देल्फमध्ये ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे यांना प्रत्येकी २५ गुण असतात. उत्तीर्ण होण्यास एकूण ५० लागतात, मात्र कोणत्याही एका भागात ५ पेक्षा कमी गुण पडून चालत नाही. त्यामुळे लेखनाच्या जोरावर बोलणे झाकता येत नाही. नोंदणी परीक्षेच्या बरीच आधी बंद होते, तेव्हा केंद्राच्या तारखा वर्ग सुरू होतानाच पाहून ठेवाव्यात.

ए२ च्या तोंडी परीक्षेत तीन भाग असतात: स्वतःविषयी थोडे बोलणे, दिलेल्या विषयावर सलग बोलणे आणि परीक्षकाबरोबर एखादा व्यवहार पार पाडणे. शेवटच्या दोन भागांच्या तयारीसाठी दहा मिनिटे मिळतात. त्या वेळात पूर्ण वाक्ये लिहीत बसू नये, फक्त शब्द टिपावेत. व्यवहार ओळखीचाच असतो, जसे भेटीची वेळ बदलून घेणे, वस्तू विकत घेणे, एखादी माहिती विचारणे. टपालपेटीच्या पट्टीपासून डॉक्टरांच्या भेटीपर्यंतची कामे ज्याने स्वतः फ्रेंचमध्ये केली आहेत, त्याने परीक्षकाला ‘बोंझूर’ म्हणावे, शेवटपर्यंत ‘व्हू’ने बोलावे आणि समजले नाही तर वर्गात पहिल्या दिवशी पाठ केलेले वाक्य वापरून प्रश्न पुन्हा विचारायला सांगावे.